चिंतेतून मुक्तीकडे : पंडिता रमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची, तेव्हा प्रत्येक सभासद भगिनीने काहीतरी लिहून द्यावे असे सभेत ठरले. कोणी पाककृती दिल्या, कोणी विणकामाचे नमुने दिले. मला चरित्रे वाचण्याची आवड, म्हणून माझ्याकडे एका थोर स्त्रीचे चरित्र आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा भाषा साधी असेल, ती भगिनींनी गोड मानून घ्यावी.

विषय निवडताना मी आपल्याच गप्पा आठवून पाहिल्या. आपण चौघीजणी जमलो की बोलणे कुठूनही सुरू होवो, शेवटी येते ते काळजीवर. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरधन्याची प्रकृती, महिनाअखेरीचे रिकामे डबे. चिता मेलेल्या माणसाला जाळते आणि चिंता जित्या माणसाला, असे आपल्याकडे म्हणतात ते काही खोटे नाही. म्हणून जिच्या वाट्याला काळजीचे डोंगर आले आणि जिने देवावर भार टाकून ते ओलांडले, अशा पंडिता रमाबाईंची हकीकत मी सांगणार आहे. (न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्या वेगळ्या. त्या ह्या पंडिताबाईंना चांगल्या ओळखत होत्या.)

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले, आणि पुढे त्या माउलीने आपल्या लेकीला शिकविले. घरी विद्यार्थी आणि पाहुणे यांची सदा वर्दळ, त्यात पैसा संपला. तेव्हा सारे बिऱ्हाड पाठीवर घेऊन शास्त्रीबुवा तीर्थयात्रेला निघाले. रमाबाई तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या टोपलीत घालून त्यांना डोंगराखाली आणले. तेव्हापासून गावोगाव देवळात पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची, असे त्या कुटुंबाचे आयुष्य झाले.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ह्या कुटुंबाला कष्टाची कामे येत नव्हती आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. दागिने गेले, चांदीची भांडी गेली, शेवटी तांब्यापितळेचीही गेली. जे हाती येई त्यातले पुष्कळ दानधर्मात आणि देवकार्यात खर्च केले, कारण देव प्रसन्न होईल अशी आशा होती. सर्व संपल्यावर ती मंडळी रानात शिरली आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिली. डोळे गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचे मनात आणले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की आता ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून मी मजुरी करीन. पण फार उशीर झाला होता. 1874 साली वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या रमेला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपविले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई अंथरुणाला खिळली. तिला भूक लागली म्हणून रमाबाई शेजारणीच्या दारी गेल्या, पण मागण्यासाठी तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईंनीच ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन त्या धावत आल्या, पण आईला आता घास गिळवेना. भगिनींनो, हा प्रसंग मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा पुस्तक खाली ठेवावे लागले. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत. चौथा खांदा रमाबाईंचा. उंची कमी म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर धरली. मागून थोरली बहीणही वारली.

राहिली दोघे भावंडे. त्यांनी पायी सारा हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलमच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. 1878 साली ती कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सर्वत्र नाव झाले. पण 1880 साली भाऊही गेला. त्याच साली त्यांनी बिपिनबिहारी दास ह्या बंगाली वकिलांशी लग्न केले. 1881 मध्ये मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती वारले. चोवीस वर्षांचे वय पुरते भरलेले नाही, आणि पदरात दहा महिन्यांचे मूल. माहेर नाही, सासरचा आधार नाही. अशा बाईच्या जिवाला केवढा घोर लागला असेल!

पण त्या रडत बसल्या नाहीत. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि सरकारी शिक्षण कमिशनापुढे साक्ष दिली. बायकांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करा, असे त्यांनी तेथे सांगितले.

ख्रिस्ताकडे त्यांचे मन कसे वळले ते आता सांगते. आसामात सिल्चरला असताना पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुढे पुण्यात त्यांनी नवा करार वाचला. 1883 साली त्या विलायतेला गेल्या आणि वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ज्या बायकांना समाजाने टाकले त्यांना ह्या भगिनी प्रेमाने जवळ करतात, त्यांचे आयुष्य पुन्हा उभे करतात, हे त्यांनी लंडनमध्ये डोळ्यांनी पाहिले. येशू विहिरीवर एका शोमरोनी बाईशी बोलतो ती गोष्टही त्यांच्या मनात ठसली. ज्या बाईशी कोणी बोलत नसे तिला त्याने कमी लेखले नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट मला फार खरी वाटली. बाप्तिस्मा घेतला म्हणून लगेच त्यांचे मन शांत झाले नाही. त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की आपल्याला धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे गेली. बुद्धीला पटले तरी जिवाची तळमळ जात नव्हती. आपण पुरेशा चांगल्या आहोत का, देव आपल्याला पदरात घेईल का, ही काळजी उरलीच होती. 1891 च्या सुमारास त्यांना उमगले की देवाची कृपा आपल्या गुणांनी मिळवायची नसते. लेकराने आईच्या कुशीत शिरावे तसे जसे आहोत तसे जायचे असते. त्या दिवसापासून त्यांच्या मनाला एक थारा मिळाला.

दरम्यान त्या अमेरिकेला जाऊन आल्या होत्या. डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभाला त्या 1886 साली हजर होत्या. हिंदु विधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक त्यांनी 1887 साली प्रसिद्ध केले. बॉस्टनच्या लोकांनी मंडळी स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. तेथे शिकलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

परंतु 1893 साली मोठे वादळ झाले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होतो, म्हणून ओरड झाली. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. आपली मुलगी आपल्या धर्मात राहावी असे पालकांना वाटणे स्वाभाविकच होते. आणि जिथून आपल्याला शांती मिळाली ते दार आपल्या प्रार्थनेपुरते मुलींना बंद करणे रमाबाईंना खोटेपणाचे वाटले. दोन्ही बाजूंचे दुःख मला समजते. एवढे खरे की ज्या समाजासाठी त्या राबत होत्या त्यातली पुष्कळ माणसे त्या दिवसांत तुटली, आणि तरी त्यांनी काम टाकले नाही.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंच्या डोळ्यांपुढे ती बाजरीची भाकरी उभी राहिली असेल. पण हाती काय होते? अमेरिकेची मदत शारदा सदनापुरती, आणि तिची दहा वर्षांची मुदतही सरत आलेली. तरी त्या गेल्या. उपासाने हाडे वर आलेल्या, वाईट माणसांच्या तावडीत सापडणाऱ्या पोरी गोळा करून आणू लागल्या. त्या तीनशेच्या आसपास झाल्या.

आता मी गृहिणीच्या हिशेबाने बघते. माझ्या घरी पाच माणसे. पीठ संपत आले की माझ्या पोटात गोळा येतो. तीनशे मुलींना दोन वेळा दोन दोन भाकऱ्या म्हटल्या तरी दिवसाला बाराशे भाकऱ्या झाल्या! शिवाय पुण्यात प्लेग. सरकारी हुकूम आला की इतक्या मुली शहरात ठेवायच्या नाहीत. तेव्हा त्यांनी मुलींना केडगावच्या माळावर नेले. पुणे-सोलापूर रेल्वेवर दौंडच्या अलीकडे हे गाव आहे. तेथे त्यांनी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडे लावली होती. तंबूत आणि गवताच्या झोपड्यांत संसार सुरू झाला. तेच पुढे 1898 पासूनचे मुक्ति सदन.

ह्या मुलींच्या खर्चाचे कोणीही ठराविक वचन दिलेले नव्हते. रोज पहाटे उठून रमाबाई प्रार्थना करीत आणि दिवसाची गरज देवापुढे ठेवीत. त्यांचे म्हणणे असे की मुली देवाच्या, तेव्हा काळजीही त्याचीच. मी फक्त सांगितलेले काम करणारी. उद्याची चिंता करू नये ही येशूची शिकवण त्यांनी अशी अक्षरशः जगून पाहिली. 1900 साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी पुन्हा माणसे धाडून शेकडो मुली आणविल्या. तेव्हा केडगावला सुमारे दोन हजार जीव जेवत होते.

पण भगिनींनो, देवावर भार टाकणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. रमाबाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, धान्य साठविले. मुलींना हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग शिकविले. अंध मुलींना बोटांनी वाचायला मनोरमेने शिकविले. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीति सदन काढले. प्लेगच्या इस्पितळातील गैरव्यवस्थेवर 1897 साली वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध उघड पत्र लिहिले. त्यांचे कान मंद झाले होते, पण अन्याय मात्र त्यांना बरोबर ऐकू येई.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम घेतले. साध्या, न शिकलेल्या बाईला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणायचे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. काम सुमारे अठरा वर्षे चालले. मुक्तीच्याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळविले.

शेवटी सर्वांत मोठा घाव बसला. 1921 साली एकुलती एक मनोरमा, जिच्या हाती सर्व कारभार सोपवायचा होता, ती वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. आता माझ्यामागे ह्या मुलींचे कसे होणार, ही काळजी कोणत्याही आईला वेडी करील. रमाबाईंनी दुःख गिळले आणि मुद्रिते तपासायला बसल्या. असे सांगतात की काम पुरे करण्यासाठी त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, आणि ते काम संपताच 5 एप्रिल 1922 रोजी पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. केडगावचे ते काम शंभर वर्षांनंतर आजही चालू आहे.

आपल्या मंडळात हिंदू घरच्या भगिनी आहेत तशा ख्रिस्ती घरच्याही आहेत. ज्या ख्रिस्ती आहेत त्यांना ही विश्वासाची गोष्ट आपलीच वाटेल. इतरांना मी एवढेच म्हणेन की रमाबाईंची वाट पटो न पटो, त्यांची रीत पाहावी. त्यांच्या काळज्या कधी सरल्या नाहीत. एक गेली की दुसरी दारात उभी. पण रात्री ती देवापाशी ठेवून द्यायची आणि सकाळी उठून आपल्या वाट्याचे काम करायचे, हे त्यांना साधले होते. आपणही काळजीपायी जेवढा वेळ कपाळाला हात लावून बसतो, तेवढ्या वेळात शेजारच्या एखाद्या अडल्या बाईच्या दारी जाऊन आलो तर तिचा आणि आपलाही भार हलका होईल. आपले मंडळ तरी दुसऱ्या कशासाठी आहे?