पानाला प्रकाशाची भूक : डॉ. यान इंगेनहाउझ



आपल्या शेलूबाजारच्या शिवारात तूर, कपाशी, सोयाबीन डोलते. ही पिके वाढतात ती मातीवर आणि पाण्यावर, असे आपण म्हणतो. पण सूर्यप्रकाशावाचून हिरवे पान आपले अन्न तयार करू शकत नाही. हे प्रयोगाने प्रथम सिद्ध केले एका डॉक्टराने.

यान इंगेनहाउझ यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी हॉलंडमधील ब्रेडा गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी देवी टोचण्यात नाव मिळवले. ही टोचण्याची रीत इंग्लंडला तुर्कस्तानातून मिळाली होती. १७६८ मध्ये त्यांनी व्हिएन्नाला जाऊन सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या कुटुंबाला देवी टोचल्या आणि ते राजवैद्य झाले. मानमरातब, तहहयात वेतन, सारे मिळाले. तरीही त्यांची जिज्ञासा स्वस्थ बसली नाही.

वनस्पती बिघडलेली हवा शुद्ध करते, असे प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये दाखवले होते. परंतु तोच प्रयोग कधी साधे, कधी फसे. असे का? १७७९ च्या उन्हाळ्यात इंगेनहाउझ यांनी लंडनजवळ एक घर घेतले आणि तीन महिन्यांच्या आत पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, की त्यांवर बुडबुडे येत. अंधारात ते थांबत. शेकोटीच्या उबेने काम भागत नसे. म्हणजे हवे होते ऊन, पण उष्णतेसाठी नव्हे, प्रकाशासाठी! शिवाय हे काम फक्त हिरवे भागच करतात आणि रात्री वनस्पतीही आपल्यासारखीच हवा दूषित करते, हेही त्यांनी दाखवले. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघाले.

पुढे कळले, की पानातील हरितद्रव्य मुख्यतः तांबडा व निळा प्रकाश शोषते. त्या शक्तीने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनते आणि प्राणवायू बाहेर पडतो. आपल्या ताटातली भाकरी म्हणजे साठवलेले ऊनच होय.

७ सप्टेंबर १७९९ रोजी इंग्लंडमधील बोवुड येथे त्यांचे निधन झाले. याच वाड्यात प्रीस्टली यांना १७७४ मध्ये प्राणवायू सापडला होता.

मित्रांनो, यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तळ्यातली पाणवनस्पती काचेच्या पेल्यात ठेवा. एकदा उन्हात, एकदा अंधारात पाहा. पालकांनो, मुलाने "असे का?" विचारले, तर त्याला गप्प करू नका. पेला हाती द्या.