चिंतामणराव देशमुख, जागतिक बँक आणि जालन्याचे आरोग्य

मराठवाड्यातील जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून निर्माण करण्यात आला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी आली, जिल्हा परिषद आली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची व उपकेंद्रांची स्वतंत्र मांडणीही आली. अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद या कोरडवाहू तालुक्यांतील एखादी बाळंतीण ज्या दवाखान्याच्या पायरीशी येते, त्या दवाखान्यामागचा सगळाच पैसा मुंबईच्या तिजोरीतून आलेला नसतो. काही दिल्लीहून येतो, आणि दिल्लीकडे त्यातला काही वॉशिंग्टनहून कर्जरूपाने आलेला असतो. जागतिक बँकेने लोकसंख्या, आरोग्य व पोषण या विषयांचे स्वतंत्र खाते १९७९ साली उघडले, आणि आरोग्यसेवेसाठी थेट कर्ज देण्याचे धोरण १९८० मध्ये स्वीकारले. जालना जिल्हा जन्मला तो या नव्या धोरणाच्या पहिल्याच वर्षांत. बँकेच्या स्थापनेच्या वेळी भारताच्या वतीने जे मोजके गृहस्थ परिषदेत बसले होते, त्यांपैकी एक तेव्हा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर होते. ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख होत.

कुलाबा जिल्ह्यात महाडजवळच्या नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्रातील पारितोषिक पटकावले. १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही त्यांचा क्रमांक पहिला होता. या यशाचे वर्णन मराठी वाचकाला इतक्या वेळा ऐकविण्यात आले आहे की, त्या झगमगाटात पुढची वीस वर्षे झाकून जातात. ती वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाडच्या कारभारात, महसूल, जमाबंदी आणि वित्त या खात्यांत गेली. शेतसारा कसा ठरतो, दुष्काळात तो का वसूल होत नाही, हे त्यांनी कागदावर आणि बांधावर असे दोन्हीकडे पाहिले. याच वऱ्हाडच्या सीमेपलीकडे, निजामाच्या मुलखात, जालना होते. अलीकडे इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे संस्थानी कारभार असला तरी काळी जमीन, लहरी पाऊस आणि हिवताप यांनी ती सीमा कधी मानली नव्हती.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते वर्ष बंगालच्या महादुष्काळाचे होते. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या जात होत्या, ब्रिटनच्या खात्यावर भारताचे स्टर्लिंग साठत होते, आणि धान्य गरिबाच्या आवाक्याबाहेर जात होते. देश कागदोपत्री धनको होत असताना त्याची माणसे उपाशी मरत होती. चलनाच्या प्रमुखाला ही विसंगती जितक्या जवळून दिसत असेल तितकी क्वचितच कोणाला दिसली असेल. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमण्यात आली. ग्रामीण भागात चाळीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, ही कल्पना तिच्या १९४६ च्या अहवालात मांडली गेली.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन यांच्याकडे होते. सर थिओडोर ग्रेगरी, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि चिंतामणराव हे इतर सदस्य. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता. तरीही हे शिष्टमंडळ ब्रिटनची री ओढणारे निघाले नाही. स्टर्लिंग शिलकेचा प्रश्न त्यांनी परिषदेत मांडला व तो फेटाळला गेला. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या पुऱ्या वापरास साह्य करण्याचा उल्लेख असावा, अशी सूचना भारताने केली. तीही मान्य झाली नाही. बँकेच्या उद्दिष्टांत मात्र कमी विकसित देशांतील उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला. मागासलेल्या देशांसाठी हा एक दरवाजा होता. परंतु त्याच्या चौकटीवर ‘उत्पादक’ हा शब्द कोरलेला होता, आणि पुढील पंचवीस वर्षे त्या शब्दाने आत काय येऊ द्यायचे व काय नाही हे ठरविले.

आगगाडीचे एंजिन उत्पादक, धरण उत्पादक, वीजघर उत्पादक. सुईण, लस, आणि गरोदर स्त्रीच्या पोटात जाणारे मूठभर धान्य यांचे उत्पन्न कोणत्याही ताळेबंदात दाखविता येत नव्हते. १९४९ च्या ऑगस्टमध्ये बँकेने भारताला पहिले कर्ज दिले ते ३ कोटी ४० लाख डॉलरचे, रेल्वेसाठी. दुसरे १ कोटी डॉलरचे, कांस गवताने व्यापलेली जमीन मोडून काढणाऱ्या ट्रॅक्टरांसाठी. तिसरे दामोदर खोऱ्यातील विजेसाठी. चिंतामणराव त्या काळात बँकेच्या व नाणेनिधीच्या नियामक मंडळांवर भारताचे प्रतिनिधी होते आणि १९५० च्या पॅरिस येथील वार्षिक सभेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. या व्याख्येला त्यांनी मोठा धक्का दिला असे म्हणता येणार नाही. त्या पिढीतील बहुतेक अर्थवेत्त्यांप्रमाणे, आधी संपत्ती निर्माण व्हावी आणि तिच्यातून आरोग्याचा खर्च भागावा, हाच क्रम त्यांच्या अर्थसंकल्पांतून दिसतो.

जून १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि लगेचच धान्याचा प्रश्न उभा राहिला. बिहारवर दुष्काळाची छाया होती. अमेरिकेकडे गव्हाची मागणी करण्यात आली. तेथील काँग्रेसने ती कित्येक महिने चर्चेत ठेवली, भारताच्या परराष्ट्र धोरणावर टीका झाली, आणि अखेर १९५१ च्या जूनमध्ये १९ कोटी डॉलरची मदत मंजूर झाली ती कर्ज म्हणून. पोटात गेलेल्या गव्हाचे हप्ते पुढील अनेक वर्षे फेडायचे होते. पोषणासाठी परकीय कर्ज ही कल्पना पुढे तज्ज्ञांच्या अहवालांतून आली असे समजले जाते. भारताने ती उपासमारीच्या भयाने त्याआधीच अनुभवली होती, आणि भुकेल्या देशाला वाटाघाटीच्या मेजावर किती वाट पाहावी लागते याचा धडाही तेव्हाच मिळाला होता.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत पाटबंधारे, वीज आणि वाहतूक यांनी निम्म्याच्या आसपास वाटा उचलला. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्याला सुमारे पाच टक्के मिळाले. तरीही त्या योजनेत एक लहानशी, जगात कोठेही नसलेली तरतूद होती. कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवण्यात आले. शासनाने अधिकृतपणे असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश ठरला, आणि त्या वेळी देशाची तिजोरी चिंतामणरावांच्या हाती होती. मुंबईत रघुनाथराव कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार करताना खटले आणि उपहास सोसला होता. ते हयात असतानाच हा विषय शासकीय हिशेबाच्या रकान्यात येऊन बसला. ६५ लाखांची रक्कम थोडी होती, आणि तीही पुरती खर्च झाली नाही. परंतु ती देशाची स्वतःची होती. कोणा सावकाराच्या सल्ल्याने ठेवलेली नव्हती. लोकसंख्येचा कार्यक्रम परकीयांनी भारताच्या गळ्यात बांधला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावयास हवा. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली व तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे. १९५३ मध्ये अमेरिकन साह्याने राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला.

जानेवारी १९५३ मध्ये त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला. पंडित नेहरू साक्षीदार होते. त्याच वर्षी दुर्गाबाई केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. खेड्यांत बालवाड्या, प्रसूतिसेवा, स्त्रियांसाठी हस्तोद्योग अशी केंद्रे या मंडळाने उघडली. पहिल्या योजनेत स्वयंसेवी संस्थांसाठी ४ कोटी रुपये होते. एकाच घरात एका बाजूला दमडीचा हिशेब ठेवणारा अर्थमंत्री आणि दुसऱ्या बाजूला दाईपासून बालवाडीपर्यंतची मागणी मांडणारी कार्यकर्ती, असा हा संसार होता. भारताच्या आरोग्यविषयक अर्थकारणाचा पेच याहून मूर्त रूपात क्वचितच सापडेल.

इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण हे त्यांच्या कारकिर्दीतील निर्णय सर्वश्रुत आहेत. मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयाविरुद्ध जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मराठी माणसाच्या मनात ते या त्यागासाठी राहिले, आणि ते योग्यच झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जालन्यासह मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या चौकटीतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. विद्यापीठ अनुदान मंडळ, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक हा पुढचा प्रवास. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा हा मनुष्य राजकारणात शेवटपर्यंत थोडा परकाच राहिला.

बँकेच्या दारावरचा शब्द बदलला तो त्यांच्या पश्चात नव्हे, परंतु त्यांच्याविना. रॉबर्ट मॅकनामारा १९६८ मध्ये अध्यक्ष झाले. १९७० साली जमैकाला लोकसंख्या कार्यक्रमासाठी पहिले कर्ज मिळाले. १९७२ मध्ये भारताला २ कोटी १२ लाख डॉलर मिळाले, ते उत्तर प्रदेश आणि म्हैसूर राज्यांसाठी, स्वीडनच्या साह्यासह. ते वर्ष मराठवाड्यात दुष्काळाचे होते. जालन्याच्या शिवारात माणसे खडी फोडत होती, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढत होती. त्यांच्यासाठी उभी राहिलेली रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने स्वतःच्या करांतून पेलली. १९८० मध्ये तमिळनाडूच्या पोषण प्रकल्पाला ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. महाराष्ट्रात १९८८ चा लोकसंख्या प्रकल्प मुंबई शहरापुरता होता. राज्यभरच्या रुग्णालयांसाठीचा आरोग्यसेवा विकास प्रकल्प १९९८ च्या अखेरीस मंजूर झाला. रक्कम १३ कोटी ४० लाख डॉलर.

या कर्जांचे गणित सामान्य वाचकाला सांगितले जात नाही. बँकेची संलग्न संस्था ही रक्कम जवळजवळ बिनव्याजी, पाऊण टक्का सेवाशुल्कावर, पस्तीस-चाळीस वर्षांच्या मुदतीने देत असे. कर्ज घेई ते केंद्र सरकार. कुटुंबकल्याणाचा पैसा राज्याला अनुदान म्हणून पोचे. परंतु रुग्णालयांसारख्या राज्यांच्या प्रकल्पांना धनंजयराव गाडगिळांच्या नावाने १९६९ पासून ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे तीस टक्के अनुदान आणि सत्तर टक्के कर्ज मिळे, आणि त्या कर्जाचा व्याजदर मूळ कर्जापेक्षा कितीतरी अधिक असे. विनिमयदराची जोखीम केंद्राकडे राही, हे न्यायाने सांगावयास हवे. ही पद्धत बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, २००५ पासून बदलली. तोवर वॉशिंग्टनची सवलत राज्याच्या तिजोरीपर्यंत पोचताना बरीचशी वाटेतच जिरत होती.

दुसरा प्रश्न याहून कठीण आहे. कर्जातून इमारत होते, यंत्रे येतात. प्रकल्पाची मुदत संपली की डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांचा भार राज्याच्या नित्याच्या खर्चावर पडतो. चिंतामणरावांच्या काळात घडलेल्या नियोजनपद्धतीतच ही खोच होती. योजना पुरी झाली की तिचा खर्च योजनेबाहेरच्या रकान्यात ढकलला जाई आणि तेथे काटकसरीची कात्री नेहमी तयार असे. योजना आणि योजनाबाह्य हा भेद २०१७ मध्ये कागदावरून गेला; रिक्त पदे त्यामुळे भरली गेली नाहीत. नव्वदीतल्या आरोग्य प्रकल्पांबरोबर रुग्णाकडून शुल्क घेण्याचा आग्रहही आला. कोरडवाहू शेतकऱ्याला केसपेपरचे चार पैसे जड नसतात असे मानणारे तज्ज्ञ एस.टी.ने तालुक्याच्या गावी जाऊन दिवसाची मजुरी बुडवीत नाहीत. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले.

दुर्गाबाई ९ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा होऊन आठच दिवस झाले असता, निवर्तल्या. चिंतामणरावांचे निधन हैदराबाद येथे २ ऑक्टोबर १९८२ रोजी, समूह विकास योजनेला तीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी झाले. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर गेली होती. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची आहे. तेथील अध्यापक, परिचारिका आणि औषधे यांचा खर्च कोणत्याही विकास बँकेच्या ताळेबंदात पडत नाही. तो दरवर्षी मार्चमध्ये विधिमंडळापुढे ठेवल्या जाणाऱ्या अर्थसंकल्पातूनच यावयाचा आहे.