निवारा देणारे बाबा आमटे

हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे वरोऱ्यात वकिली करीत. भर पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीराम या कुष्ठरोग्याला पाहून ते प्रथम भयाने पळाले. मग परतून त्यांनी त्याच्यावर निवारा उभारला व त्याची शुश्रूषा केली. पुढे १९५१ साली, आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, ६ रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झाले. घरच्यांनी टाकलेल्या या माणसांनी स्वतः विहीर खोदली, शेती पिकवली, घरे बांधली. २००८ साली बाबा निवर्तले. आपल्या धर्मग्रामातील बेघराला आपण नाणे देऊन पुढे जातो. त्याला छप्पर, औषध आणि हातांना काम मिळवून देणे हीच खरी सेवा, असे आम्हांस वाटते.