मेरीच्या आजारपणाचा जमाखर्च

शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकींनी शाळेत किंवा कॉलेजात वाचल्या, त्या चार्ल्स आणि मेरी लँब या दोघांनी लिहिलेल्या पुस्तकातून. कुणी इंग्रजीतून वाचल्या, कुणी मराठीतून. दोन नावं एकत्र पाहून मी कितीतरी वर्षं समजत होते की हे नवरा-बायको असणार. पुढे कळलं की हे बहीण-भाऊ. आणि मग त्या बहिणीची हकिगत कळली, तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं.

मेरीचा जन्म ३ डिसेंबर १७६४चा, लंडनमधला. वडील जॉन लँब हे इनर टेंपलमधल्या सॅम्युअल सॉल्ट नावाच्या बड्या वकिलाकडे कारकून म्हणा, नोकर म्हणा, सगळंच होते. राहायला जागा मालकाचीच. सात मुलांपैकी तीनच जगली. थोरला जॉन, मधली मेरी आणि तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा चार्ल्स. चार्ल्सला खऱ्या अर्थानं मेरीनंच वाढवलं. आईचा जीव थोरल्यावर. मेरीला शाळा मिळाली ती नावापुरतीच; पण सॉल्टसाहेबांची पुस्तकांची खोली तिला मोकळी होती आणि हाती लागेल ते ती वाचत गेली.

१७९२ साली सॉल्ट वारले आणि घराचं छप्परच गेलं. कुटुंब हॉबर्नमधल्या भाड्याच्या जागेत आलं. त्याच वर्षी चार्ल्स ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत हिशेबनीस म्हणून चिकटला. पहिली तीन वर्षं तर उमेदवारी, रीतसर पगार नाही. घरात वडील भ्रमिष्टासारखे झालेले, आई अंथरुणाला खिळलेली, एक म्हातारी आत्या. मेरी बायकांचे झगे शिवून चार पैसे मिळवायची, हाताखाली एक शिकाऊ मुलगी होती. दिवसभर शिवण, रात्री आईच्या शेजारी झोपून तिची उठबस. १७९६च्या उन्हाळ्यात थोरल्या जॉनच्या पायाला मोठी दुखापत झाली. तो चांगल्या पगारावर होता, वेगळा राहत होता, पण दुखण्यात सेवेला आला तो मेरीकडेच! घरातली एक बाई किती जणांचं करू शकते याचा अंदाज घेण्याची पद्धत कुठल्याच घरात नसते. ती पडेपर्यंत ती करतेच.

सप्टेंबरमध्ये मेरीचं बिनसायला लागलं. तिला आधीही असे झटके येऊन गेले होते, त्यामुळे चार्ल्सला खूण पटली. तो स्वतःही त्याच वर्षाच्या सुरुवातीला सहा आठवडे हॉक्स्टनच्या वेड्यांच्या खासगी घरात राहून आला होता. २२ सप्टेंबरला सकाळीच तो डॉ. पिटकेर्न यांना बोलवायला गेला. डॉक्टर घरी नव्हते.

त्याच दिवशी जेवणाची तयारी चालू असताना मेरीनं टेबलावरची सुरी उचलली आणि त्या शिकाऊ मुलीच्या मागे धावली. आई ओरडली, अडवायला लागली. सुरी आईला लागली आणि ती जागच्या जागी गेली. वडिलांच्या कपाळाला जखम झाली. चार्ल्स पोहोचला तो मेरीच्या हातातून सुरी काढून घ्यायला. तो एकवीस वर्षांचा होता.

मृत्यूची चौकशी झाली, पंचांनी वेडाच्या भरात घडलं असा निकाल दिला. त्या काळात अशा माणसाची जबाबदारी घरच्यांनी घेतली तर सरकार आड येत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण चारच वर्षांनी, १८०० साली, एका वेड्या माणसानं नाटकगृहात राजा तिसरा जॉर्ज याच्यावर गोळी झाडली आणि लगोलग कायदा आला. मग अशा गुन्हेगार रुग्णांना राजाची मर्जी असेपर्यंत डांबून ठेवायची सोय झाली. मेरीच्या हातून तेच चार वर्षांनी घडलं असतं तर पुढची गोष्ट झालीच नसती.

आता प्रश्न, ठेवायचं कुठे? सार्वजनिक इस्पितळ म्हणजे बेथलेम, ज्याच्या नावावरून इंग्रजीत गोंधळाला बेडलॅम म्हणतात. तिथे फार खर्च नव्हता, पण तिथली दशा सगळ्या लंडनला ठाऊक होती. पुढे १८१४ साली जेम्स नॉरिस नावाचा एक रुग्ण तिथे वर्षानुवर्षं लोखंडी पट्ट्यांत जखडलेला सापडला आणि पार्लमेंटला चौकशी समिती नेमावी लागली. थोरल्या जॉनचं मत होतं की मेरीला कायमचं कुठल्या तरी इस्पितळात टाकावं आणि चार्ल्सनं हे ओझं डोक्यावर घेऊ नये. जॉन काही दुष्ट नव्हता. असे व्यवहारी सल्ले देणारा एक थोरला प्रत्येक घरात असतो. त्याला खर्च दिसतो, आणि तो खर्च दुसऱ्यानं करू नये असंही त्याला मनापासून वाटतं.

चार्ल्सनं तिला इझलिंग्टनमधल्या एका खासगी घरात ठेवलं. वेड्यांसाठी अशी परवानाधारक घरं तेव्हा लंडनच्या कडेला बरीच होती. १७७४च्या कायद्यानं परवाना सक्तीचा केला होता, पण आत काय चालतं हे ज्याचं त्यालाच माहीत. पैसेवाल्यांचे रुग्णही तिथे आणि गावच्या निधीतून पाठवलेले गरीबही तिथेच. इझलिंग्टनचं हे घर नशिबानं बरं निघालं. चालवणारी बाई आणि तिची मुलगी मायाळू होत्या. मेरी थोड्याच दिवसांत त्यांच्या घरातलीच झाली.

आणि मग चार्ल्सनं हिशेब मांडला. हा हिशेब त्यानं आपला शाळासोबती, कवी कोलरिज याला पत्रातून कळवला, म्हणून आपल्याला माहीत आहे. घरात वर्षाला सगळे मिळून १७० ते १८० पौंड येणार. मेरीला स्वतंत्र खोली आणि तिच्यासाठी परिचारिका असं धरलं तर ५०-६० पौंड जाणार. उरलेल्या १२०-१३० पौंडात आपण, वडील आणि म्हातारी मोलकरीण भागवू. म्हणजे घराच्या मिळकतीचा जवळजवळ एक तृतीयांश हिस्सा एका माणसाच्या आजारपणासाठी. दरवर्षी. शेवट माहीत नाही.

माझ्या एका मामेबहिणीच्या दुखण्यात मामांनी अशीच एक वही ठेवली होती. डॉक्टरांची फी, गोळ्या, रिक्षा, आणि मामीनं नोकरी सोडली त्याचा आकडा मात्र कुठेच नव्हता. चार्ल्सचं पत्र वाचताना मला ती वही आठवली. आपल्याकडे आता २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आहे, विमा कंपन्यांनी मनाच्या आणि शरीराच्या आजारात फरक करू नये असं तो सांगतो. तरीही दर आठवड्याच्या समुपदेशनाची फी बहुतेक घरांत अजून खिशातूनच जाते, हे ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा.

पुढच्या वर्षी मेरी सावरली. चार्ल्सनं तिला हॅकनीला खोली घेऊन दिली, कारण वडील असेपर्यंत तिला घरी आणणं शक्य नव्हतं. रविवार आणि सुट्ट्या तो तिच्याबरोबर काढायचा. १७९९च्या एप्रिलमध्ये वडील गेले आणि बहीण-भाऊ एकत्र राहू लागले. ते पुढली पस्तीस वर्षं. शेजारीपाजारी कुजबुज सुरू झाली की बिऱ्हाड हलवायचं, हेही सुरुवातीला झालं. आजार काही गेला नाही. साधारण दरवर्षी एक झटका, काही आठवड्यांचा, पुढेपुढे महिन्यांचा. आज पुष्कळ अभ्यासक त्याला बायपोलर म्हणतील, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं आणि औषधही. दोघांनी खुणा ओळखायला शिकून घेतलं होतं. झोप उडाली, बोलणं वाढलं, की मेरी स्वतःच सांगायची. मग दोघं हात धरून, रडत, शेतांच्या वाटेनं हॉक्स्टनच्या त्या घराकडे चालत जायची. एका ओळखीच्यानं त्यांना असं जाताना पाहिलं होतं. प्रवासाला निघाले तर सामानात हात बांधायचा अंगरखा असायचा आणि तो मेरी स्वतः भरायची. १८२२ साली पॅरिसला गेले तेव्हा परिचारिकेला बरोबर घेतलं, आणि तिची गरज वाटेतच, आमियाँला पडली.

मधल्या काळातली मेरी मात्र अगदी शहाणी, शांत बाई. तिच्याकडे आठवड्याला एक संध्याकाळ मित्रमंडळी जमायची. कोलरिज, वर्डस्वर्थ, हॅझलिट ही सगळी नावाजलेली माणसं. पत्ते, थंड मांस, बिअर. भाऊ जरा जास्त प्यायचा, त्याच्याकडे लक्ष ठेवणंही मेरीकडेच. कोण कोणाला सांभाळत होतं हा प्रश्न चरित्रकारांना पडतोच.

गॉडविन या लेखक-प्रकाशकाकडून मुलांसाठी शेक्सपिअर सांगायचं काम आलं तेही पैशांसाठीच. एकाच टेबलाशी बसून दोघं लिहायची. मेरीनं चौदा सुखान्त नाटकं घेतली, चार्ल्सनं सहा शोकान्तिका. (ज्या बाईच्या आयुष्यात एवढं घडलं तिच्या वाट्याला सुखान्त आले, याचं मला नेहमी बरं वाटतं.) मोबदला ६० गिनी, म्हणजे ६३ पौंड. इझलिंग्टनच्या घराची वर्षाची फी आठवा. साधारण तेवढेच. १८०७ साली पुस्तक आलं, त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं. मेरीचं नाव पहिल्या पानावर यायला १८३८ साल उजाडलं. १८०९ची तारीख असलेल्या ‘मिसेस लेस्टर्स स्कूल’मधल्या दहा गोष्टींपैकी सात तिच्या, तिथेही नाव नाही.

एक लेख मात्र तिनं शिवणकामावर लिहिला. १८१५ साली एका स्त्रियांच्या मासिकात, टोपणनावानं. अकरा वर्षं पोटासाठी शिवण केलेली बाई बोलत होती. खात्यापित्या घरच्या बायका पैसे वाचवायला म्हणून घरीच शिवतात आणि त्यामुळे जिचं पोट सुईवर आहे तिची मजुरी जाते, हा तिचा मुद्दा. बायकांनी आपल्या वेळेची किंमत करायला शिकावं, हा दुसरा. दोनशे वर्षांपूर्वीचं हे म्हणणं वाचताना खुर्चीत सरसावून बसायला होतं. हा लेख लिहून होतो न होतो तोच तिला मोठा झटका आला आणि पुष्कळ दिवस ती बाहेर राहिली. त्यानंतर तिनं फारसं लिहिलं नाही.

चार्ल्सनं लग्न केलं नाही. १८१९ साली त्यानं फॅनी केली या नटीला पत्रातून मागणी घातली, तिनं त्याच दिवशी नकार कळवला. कारण घरातलं वेड. तिला दोष देववत नाही.

या सगळ्या वर्षांचा खर्च कुठून निघाला? चार्ल्सच्या लेखनातून थोडा. बाकी कंपनीच्या पगारातून. चहा, नीळ, कापूस यांचे हिशेब तो तेहेतीस वर्षं लिहीत बसला. असईची लढाई, पेशवाईचा शेवट, हे सगळं त्याच काळात आपल्याकडे घडत होतं आणि त्याच कंपनीच्या वह्या लंडनमध्ये हा माणूस भरत होता. त्या पैशात आपल्या लोकांचा घाम किती होता, याचा विचार करावा तर मेरीची खोली आणि तिची परिचारिका डोळ्यांसमोर येते. मला या दोन गोष्टींचा मेळ घालता आलेला नाही.

मार्च १८२५मध्ये कंपनीनं त्याला निवृत्त केलं. वर्षाला ४५० पौंड पेन्शन ठरलं. त्यातून ९ पौंड कापून हातात ४४१. हे नऊ पौंड होते मेरीसाठी. आपण आधी गेलो तर तिला काहीतरी मिळत राहावं म्हणून ती कपात होती.

पुढे ती दोघं एनफील्डला आणि १८३३मध्ये एडमंटनला गेली. झटके आता वरचेवर आणि लांब येऊ लागले होते. दर वेळी तिला हलवायचं, मग परत आणायचं, यात ती जास्तच खचायची. एडमंटनला वॉल्डन नावाचं एक जोडपं असे रुग्ण घरी ठेवून घ्यायचं. मेरी तिथे होती. चार्ल्स स्वतःही तिथेच राहायला गेला, म्हणजे हलवाहलवीच नको. वेड्यांच्या घरात एक शहाणा माणूस भाडं भरून राहिला.

१८३४च्या डिसेंबरात तो फिरायला गेला असताना पडला, तोंडाला खरचटलं, त्यातून धावरं झालं आणि २७ तारखेला तो गेला. मेरी तेव्हा भानावर नव्हती. तिला सांगितलं, पण पुरतं पोहोचलं नाही. मागे त्यानं तिच्यासाठी सुमारे २००० पौंड साठवून ठेवले होते, आणि त्या कपातीचे पैसेही चालू झाले.

मेरी त्याच्यानंतर बारा वर्षांहून जास्त जगली. शेवटची काही वर्षं लंडनमध्ये सेंट जॉन्स वुडला, परिचारिकेच्या देखरेखीखाली एका घरात. पैसे पुरले. २० मे १८४७ला ती गेली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. एडमंटनला भावाच्याच कबरीत तिला ठेवलं. १७९६ साली काय घडलं होतं हे जवळच्या मित्रांना ठाऊक होतं, पण ती जिवंत असेपर्यंत त्यांनी ते छापलं नाही. तालफर्ड या त्यांच्या मित्रानं १८३७ साली चार्ल्सची पत्रं प्रसिद्ध केली, तेव्हा तो भाग वगळला होता. तो छापला १८४८मध्ये.