वसंतदादा पाटील : चिपाडाचा मालक कोण?

उसाच्या चिपाडापासून केमिकल बनतं. पण ते चिपाड कोणाचं? सांगलीत या प्रश्नाचं उत्तर ठरवणाऱ्यांमध्ये एक नाव मोठं आहे, वसंतदादा पाटील.

तुरुंगातून कारखान्याकडे

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, गाव सांगलीजवळचं पद्माळे. शाळा फारशी झाली नाही. १९४२ च्या चळवळीत ते उतरले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि तिथं प्रतिसरकार उभं राहत होतं. २४ जुलै १९४३ ला दादा साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. पाठलागात त्यांना गोळी लागली, दोन साथीदार मारले गेले आणि दादा पुन्हा पकडले गेले.

स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, त्यांनी सांगलीत शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारायला घेतला. ऊस घालणारा शेतकरीच भागधारक. म्हणजे साखर त्याची, मळी त्याची आणि चिपाडही त्याचंच.

चिपाडात असतं काय?

एक टन ऊस गाळला की साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं चिपाड उरतं. कारखान्यात त्याला बगॅस म्हणतात. बहुतेक बगॅस बॉयलरमध्ये जळतं. पण त्यात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. आम्ल घालून, दाबाखालच्या वाफेनं दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापवलं की हेमिसेल्युलोज तुटून झायलोज ही साखर सुटते. झायलोजच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून गेले की तयार होतं फरफ्युरल.

इथं आम्ल म्हणजे कॅटॅलिस्ट, मराठीत उत्प्रेरक. तो रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवतो, पण स्वतः संपत नाही. अडचण एवढीच की आम्लानं यंत्रं गंजतात. म्हणून संशोधक झिओलाइटसारखे घन, परत वापरता येणारे कॅटॅलिस्ट तपासतात.

फरफ्युरलपासून बनणारं रेझिन फाउंड्रीत साच्याची वाळू घट्ट धरून ठेवतं. अमेरिकेत १९२० च्या दशकातच ओटच्या टरफलांपासून फरफ्युरलचं मोठं उत्पादन सुरू झालं होतं. उरलेला चोथा नंतर बॉयलरमध्ये जाळताही येतो. तरी हिशोब पाहावाच लागतो, कारण बगॅसपासून वीजही बनते. फरफ्युरलनं त्याहून जास्त पैसे मिळवून दिले, तरच प्लांट परवडतो.

दादांनी मागे काय ठेवलं?

दादा केमिस्ट नव्हते. पण मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी करून दिली. राज्यातली कितीतरी मुलं पुढे तिथंच शिकली. १ मार्च १९८९ ला दादा गेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या, पुण्याजवळ मांजरीत असलेल्या ऊस-साखर संशोधन संस्थेला त्याच वर्षी त्यांचं नाव मिळालं.

सातारा-सांगलीत उद्या असा रिअ‍ॅक्टर बसला, तर केमिस्ट्री तीच राहील. नफा मात्र मालकाकडे जाईल. कारखाना सभासदांच्या हातात असेल, तर त्यातला वाटा मागायचा हक्क ऊस घालणाऱ्याचा असेल. त्यामुळे नव्या प्लांटची बातमी वाचताना टेक्नॉलॉजीइतकंच कारखाना कोणाचा आहे, हेही बघा.