डॉ. खानोलकर आणि तंबाखूची चंची

आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते, त्यांना कुठे काय झाले, असे ओपीडीत कुणी म्हणाले की मला डॉ. वसंत रामजी खानोलकर आठवतात. १८९५ चा जन्म. लंडनला विकृतिशास्त्र शिकले, मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले आणि १९४१ मध्ये परळच्या नव्या टाटा मेमोरियलमध्ये प्रयोगशाळांची सूत्रे घेतली.

तिथे गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. रुग्ण कोणत्या समाजाचा, काय चघळतो, काय ओढतो, हेही त्यांनी पाहिले. शहर एकच, पण कर्करोगाची जागा समाजागणिक बदलत होती. कुणाच्या गालाच्या आत, तर कुणाच्या जिभेच्या मुळाशी. हे रक्तातले की सवयीतले? लग्ने जातीतल्या जातीत होत, त्यामुळे शंका रास्त होती. डॉ. एल. डी. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या सहा समाजांचे रक्तगट व इतर आनुवंशिक गुण तपासले. फरक सापडलेही. तोंडाच्या कर्करोगाचा माग मात्र तंबाखूच्या चंचीपाशीच पोहोचत राहिला.

खानोलकर १९७८ मध्ये गेले. पुढे कळले की, धुरातली व तंबाखूतली काही विषे निकामी करायला मदत करणारे जीएसटीएम-१ हे जनुक अनेकांच्या शरीरात नसतेच. त्याने धोका थोडा वाढतो; तंबाखूने तो कित्येक पट होतो. आणि आजोबांचे म्हणाल, तर नातवाला त्यांच्याकडून साधारण पाव हिस्सा जनुके मिळतात. त्यांत संरक्षण देणारी आली की नाही, हे चुना मळताना कळत नाही.