विश्लेषण : अप्पासाहेबांचा गोबरगॅस आणि त्यातला न जळणारा वायू

कोलशेतच्या नव्या गृहसंकुलांत बायोगॅसची चर्चा निघते ती ओल्या कचऱ्याच्या डोकेदुखीमुळे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन या गॅसकडे वळले ते मात्र माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी उतरवण्यासाठी.

कोण होते अप्पासाहेब?

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे झाला. उच्चशिक्षण घेऊन ते गांधीजींकडे गेले आणि पुढे ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. जातीने ब्राह्मण असलेल्या कैद्याला हे काम देण्यास तुरुंगाने नकार दिला. अप्पासाहेबांनी उपवास आरंभला. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले, तेव्हा सरकार नमले.

गोपुरीत काय केले?

१९४८ मध्ये कणकवलीत त्यांनी गोपुरी आश्रम उभारला. मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे, सोपे संडास बांधणे, मैल्याचे खत करणे, अशी समाजाने ठरावीक जातींवर लादलेली कामे तिथे सुरू झाली. त्यातूनच संडास जोडलेले गॅस संयंत्र आले. हवाबंद टाकीत जिवाणू मैला आणि शेण कुजवतात. गॅस चुलीला, मळी शेताला. पाटी उचलायला कुणी लागत नाही. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी पुढे हे ‘मलप्रभा’ संयंत्र सुधारले. १० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेबांचे निधन झाले.

मग वाया काय जाते?

बायोगॅसमध्ये जळणारा मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. तो जळत नाही, उलट ज्योतीची धग कमी करतो. वाहनासाठी गॅस हवा असेल तर तो वेगळा काढावाच लागतो. दाबाखाली पाण्यातून गॅस सोडला की कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि मिथेन वर राहतो. दाब काढताच पाण्यातला वायू सुटतो, आणि बहुधा हवेत सोडून दिला जातो. मूळचा तो गवत-धान्यानेच हवेतून घेतलेला असतो, हे खरे. पण शुद्ध करून दाबला तर सोडा, कोरडा बर्फ, वेल्डिंग यांना तोच लागतो.

ही युक्ती जुनी आहे. १७६७ च्या सुमारास लीड्सला बिअरच्या भट्टीशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रिस्टली यांनी आंबवणाच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मुरवला आणि सोडावॉटर केले. आपल्या साखर कारखान्यांच्या आसवनीतही एक लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तो जवळपास शुद्धच असल्याने पकडणे सोपे आणि स्वस्त. बायोगॅसमधला वायू आधी मिथेनपासून सोडवावा लागतो. त्याची यंत्रे मोठ्या प्रकल्पालाच परवडतात. घरगुती संयंत्रात तो आजही ज्योतीबरोबर निघून जातो.